कमी धुराची मल्टिफ्युएल शेगडी घेताना: ग्वाल्हेरच्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी सरली की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या ओळखीच्या घरांतून फोन सुरू होतात. आंघोळीच्या पाण्याचं काय करायचं, गाकर, म्हणजे निखाऱ्यावरच्या जाड रोट्या, कशावर भाजायचे, आजीच्या खोलीत शेक कसला द्यायचा. गेल्या 11 वर्षांत मी चार शेगड्या घेतल्या. दोन वापरात आहेत, एक भाचीने नेली आणि एक माळ्यावर पडून आहे. तिची कथा पुढे येईलच. फोनवर जे तेच ते सांगत आले, ते इथे एकदाच लिहून ठेवते.

एक आधीच सांगते. इथल्या दुकानात नुसतं 'शेगडी' म्हटलंत तर माणूस गॅसची शेगडी पुढे करतो. 'अंगीठी' म्हणा, नाहीतर सरळ 'लकड़ीवाला चूल्हा'.

मल्टिफ्युएल म्हणजे नक्की काय? दुकानदार म्हणतो, "कुछ भी डालो, जलेगा."

जळेल हो. साध्या तीन विटांच्या चुलीतही काहीही जळतं. प्रश्न धुराचा आहे.

लाकडाला आणि कोळशाला हवा वेगवेगळ्या वाटेने लागते. लाकूड तापलं की आधी त्यातून वायू सुटतात. सुक्या लाकडाच्या वजनातला सुमारे तीन चतुर्थांश भाग असा वायू होऊन निघतो, आणि आपल्याला दिसते ती ज्वाळा या वायूंची असते. त्यांना हवा हवी ती वरून, ज्वाळेच्या तोंडाशी. कोळशाचं तसं नाही. तो जागच्या जागी निखारा होऊन जळतो, म्हणून त्याला हवा खालून, जाळीतून लागते. गोवरी या दोघांच्या मधली. वर तिची राख एवढी, की बारीक भोकांची जाळी अर्ध्या तासात बुजते.

म्हणून खरी मल्टिफ्युएल शेगडी ओळखायची ती खालची हवा आणि वरची हवा वेगवेगळी कमीजास्त करता येते का, यावरून. आणि जाळी काढून दुसरी घालता येते का, यावरून. हे दोन्ही नसेल तर ती एका जळणाची शेगडी आहे. तिच्यात बाकीची जळणं टाकता येतात, एवढंच.

मग आधी शेगडी निवडायची की जळण?

जळण. माझं म्हणणं खरं तर एवढंच आहे, बाकी सगळा विस्तार.

तुमच्या घरी पुढची तीन वर्षं काय सहज मिळणार आहे ते आधी बघा. ग्वाल्हेरात साधारण हे पर्याय आहेत:

टालावरचं, म्हणजे वखारीतलं लाकूड. त्यात बरंचसं विलायती बाभूळ असतं, चंबळच्या घळींमधे माजलेलं. जळण म्हणून उत्तम: जड, ज्वाळा लांब, निखारा टिकतो. पण टालवाला वजनावर विकतो आणि ओलं लाकूड जड असतं, तेव्हा त्याला वाळवण्याची घाई नसते. नुकतं तोडलेलं लाकूड जवळजवळ निम्मं पाणीच असतं. दिवाळीत जाळायचं लाकूड उन्हाळ्यात घेऊन, फोडून, गच्चीवर पत्र्याखाली रचून ठेवायचं. ओलावा 20 टक्क्यांच्या खाली आला की ते लाकूड. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघा. टणत्कार आला तर सुकं, 'धप्प' झालं तर परत रचून ठेवा.

कंडे, म्हणजे आपल्या गोवऱ्या. गाकर, बाट्या यांना पर्याय नाही, चवीचा प्रश्न आहे. पण रोजच्या जळणात गोवरीइतका धूर करणारं दुसरं काही नाही. वजनात पाचवा हिस्सा किंवा जास्तच राख, आणि उष्णता लाकडापेक्षा कमी.

पेलेट. भुसा, शेतातल्या काड्या, टरफलं दाबून केलेल्या बोटाएवढ्या जाड कांड्या, 6 ते 8 मिलिमीटर व्यासाच्या. भिंड-मुरैना हा मोहरीचा पट्टा, त्यामुळे मोहरीच्या काड्यांपासून केलेला मालही इकडे येतो. पेलेट कोरडे असतात, सगळे एका मापाचे असतात, म्हणून सर्वांत कमी धूर यांचाच. यांचं वैर पाण्याशी. एक पोतं पावसाळ्यात भिंतीला टेकून राहिलं तर सप्टेंबरात त्याचा रवा होतो.

ब्रिकेट, म्हणजे 'सफेद कोयला'. मनगटापेक्षा जाड ओंडके. हे कारखान्यांच्या बॉयलरसाठी असतात. घरच्या शेगडीत घालायचे तर हातोडीने फोडावे लागतात आणि फोडताना निम्मा भुगा होतो. मी एकदा आणले, परत नाही.

पेलेटबद्दल एक इशारा. 2006 च्या सुमारास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या तंत्रावर 'ऊर्जा' नावाची पंख्याची शेगडी बाजारात आली. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात लाखो घरांनी घेतली, आणि शेगडी चांगलीच होती. पुढे पेलेटचा कच्चा माल कारखानेही घेऊ लागले, पेलेट महागले, आणि बऱ्याच घरांत ती कोपऱ्यात जाऊन बसली. तेव्हा फक्त पेलेटवर चालणारी शेगडी घेणार असाल तर पेलेट देणारे निदान दोन जण आधी शोधून ठेवा.

धूर होतो तो नेमका कशाने?

धूर म्हणजे न जळलेलं जळण. वर सांगितलेले वायू पेटायला भरपूर उष्णता लागते, 600-700 अंशांच्या वर, शिवाय पुरेशी हवा आणि थोडी सवड. यातलं एक कमी पडलं की वायू तसेच भांड्याला चाटून खोलीत येतात. ओलं लाकूड आधी पाणी उकळण्यात उष्णता घालवतं, म्हणून धूर. एकदम पाच लाकडं कोंबली की हवा पुरत नाही, म्हणून धूर. गार भांडं ज्वाळेच्या अगदी अंगावर ठेवलं की ज्वाळा विझते, तेव्हाही धूर. फुंकणी हातात घेण्याआधी या तिन्हीतलं काय झालंय ते बघावं.

पंख्याची घेऊ की बिनपंख्याची?

रोज वापर असेल तर पंख्याची. पंखा हवा जोराने आत ढकलतो, वायू आणि हवा नीट मिसळतात, ज्वाळा निळसर-पांढरी होते. पंख्याचं बटण कमी करून पोळ्यांसाठी आच मंदही करता येते, जे बिनपंख्याच्या शेगडीत जमत नाही. तिथे लाकूड मागे ओढत बसायचं.

वीज अगदी थोडी लागते, मोबाइलच्या पॉवर बँकवर तासन्‌तास चालते. पण पंखा बिघडतो. तो संगणकातल्या पंख्यासारखा साधा 12 व्होल्टचा आहे आणि बाजारात सुटा मिळेल असा आहे, याची खात्री दुकानातच करून घ्या. कंपनीचाच पंखा लागणार असेल तर शेगडी घेतानाच एक जास्तीचा घ्या.

महिन्यातून चारदा गाकर आणि थंडीत पाणी तापवणं एवढंच काम असेल तर बिनपंख्याची, समोरून लाकूड सरकवायची 'रॉकेट' पद्धतीची बरी. आत इंग्रजी एल अक्षरासारखी नळी, भोवती उष्णता धरून ठेवणारं अस्तर. तिच्यात बिघडण्यासारखं काही नाही.

वरून पेटवायची शेगडी म्हणजे काय? खालून पेटवलं तर काय होतं?

ही गॅसिफायर शेगडी. डबा पेलेटने किंवा ढलप्यांनी भरायचा आणि वरच्या थराला काडी लावायची. आग हळूहळू खाली उतरते. खालच्या थरातून सुटलेले वायू वरच्या तापलेल्या निखाऱ्यांतून जातात आणि तोंडाशी, कडेच्या भोकांतून येणाऱ्या हवेत जळून जातात. धूर होतो तो पेटवतानाची दोन-तीन मिनिटं.

खालून पेटवली तर सगळा डबा एकदम तापतो, वायू एकदम सुटतात आणि शेजारच्या वहिनी गच्चीवरून हाक मारतात. स्वानुभव.

ज्यांनी आजीच्या काळची भुशाची शेगडी पाहिली आहे त्यांना हे एकदाच भरून ठेवणं नवं वाटणार नाही, फक्त ती पेटवायची खालून. मधे बाटली उभी धरून भोवती बुरादा दाबून भरायचा, बाटली अलगद फिरवत काढायची आणि त्या पोकळीत खालून ढलपी सरकवून पेटवायचं. एकदा भरली की दुपारपर्यंत चाले. आमच्या वाड्यात आत्या हे काम कुणाला करू देत नसे, कारण बाटली काढताना हात हलला की सगळं ढासळायचं आणि परत भरावं लागायचं.

गॅसिफायरची खोड एकच: मधेच जळण वाढवता येत नाही. वाढवलंत तर ते जळण निखाऱ्यावर पडून धूर करतं. एका भरणीत साधारण तासभर. भात-वरण-भाजीला पुरतं, पण घरी सत्यनारायण असेल तर दुसरी शेगडी तयार लागते.

कमी प्रदूषणाचा दाखला कसा तपासू? सगळ्याच खोक्यांवर 'स्मोकलेस' लिहिलेलं असतं.

'स्मोकलेस' या शब्दाला कुणी आकडा लावलेला नाही. भारतीय मानकाला लावला आहे. हलवता येणाऱ्या घन जळणाच्या चुलीचं मानक आहे आयएस 13152, भाग 1, सन 2013. त्यात बिनपंख्याच्या चुलीची कार्यक्षमता किमान 25 टक्के हवी आणि पंख्याच्या चुलीची 35 टक्के. भांड्यात पोचलेल्या दर मेगाज्यूल उष्णतेमागे कार्बन मोनॉक्साइड दोन्हींत 5 ग्रॅमपेक्षा जास्त नको, आणि धुरातले कण बिनपंख्याच्या चुलीत 350 मिलिग्रॅमपर्यंत, पंख्याच्या चुलीत 150 पर्यंत चालतात.

आंतरराष्ट्रीय पातळीवर आयएसओच्या 2018 च्या पायऱ्या आहेत, शून्य ते पाच. सर्वांत वरच्या पायरीला सूक्ष्म कणांची मर्यादा दर मेगाज्यूलमागे 5 मिलिग्रॅम आहे. म्हणजे आपल्या मानकात उत्तीर्ण झालेली शेगडीसुद्धा गॅसइतकी स्वच्छ असेलच असं नाही. विक्रेता तसं म्हणाला तर हसून सोडून द्या.

खोक्यावर आयएसआयचा शिक्का आणि त्याखाली हा 13152 चा आकडा बघा. चाचणीचा कागद मागा, आणि ती चाचणी कोणत्या जळणावर झाली ते विचारा. हा प्रश्न कुणी विचारत नाही. पेलेटवर उत्तीर्ण झालेली शेगडी गोवरीवर तेच आकडे देईल हे शक्य नाही.

दुकानात काय काय बघायचं?

आता माळ्यावरच्या शेगडीची कथा. चकचकीत स्टीलची, दोन वर्षांची गॅरंटी, दुकानदार ओळखीचा. पहिल्या हिवाळ्यात छान चालली. दुसऱ्या हिवाळ्यात आतला डबा एका बाजूने पातळ होत गेला आणि एके सकाळी चिमट्याचं टोक त्यातून आरपार गेलं. गॅरंटी होती ती पंख्याची. डब्याची नव्हती, आणि सुटा डबा त्यांच्याकडे येतच नव्हता.

तेव्हापासून माझी रीत अशी. सर्वांत आधी आतला डबा हातात घेते. तो सुटा निघतो का, पत्रा जाड आहे का, वेगळा विकत मिळतो का. लोहचुंबक लावून स्टील ओळखायच्या भानगडीत पडू नका, हलक्या प्रतीचं काही स्टीलही चुंबकाला चिकटत नाही. मग वरच्या कडेची भोकं बघते. बोटाने चाचपून ती मोकळी आहेत का, नुसती शोभेची तर नाहीत ना, ते कळतं. त्यानंतर वर पाच लिटर पाण्याचं पातेलं ठेवायला सांगते आणि कडेने हलकेच ढकलते. डुगडुगली तर परत. आपल्याकडे जमिनीवर बसून रांधणाऱ्या बायका आहेत, घरात मुलं धावत असतात, उकळत्या वरणाचं पातेलं कलंडलं तर धुराचा विचार कुणी करत नाही.

शेवटी बाहेरचा पत्रा. शेगडी पेटवून दहा मिनिटांनी त्याच्याजवळ हात न्या. चटका बसेल इतका तापत असेल तर आत अस्तर नाही. उष्णता भांड्यात न जाता तुमच्या पायावर जाते आहे.

दुकानदार पेटवून दाखवायला तयार नसेल तर लोहिया बाजारात दुकानं पुष्कळ आहेत.

ग्वाल्हेरच्या मेल्यातून, म्हणजे व्यापारी जत्रेतून, घेतली तर?

घ्या की. 1905 साली माधवराव शिंदे महाराजांनी सुरू केलेला मेला आहे, आपल्याकडे लोणच्याच्या बरण्यांपासून मोटारीपर्यंत सगळं तिथूनच येतं. तिथे पेटवून दाखवतातही. फक्त दाखवताना ते स्वतःचे हाडासारखे वाळलेले तुकडे वापरतात. मी पिशवीत आमच्या टालावरच्या चार ढलप्या घेऊन जाते. सुटे भाग मेला उठल्यावर कुठे मिळतील ते बिलावर लिहून घ्या.

धूर दिसत नसेल तर थंडीत खोली बंद करून आत ठेवता येईल ना?

नाही. हे उत्तर दोनदा वाचा.

जानेवारीत इथला पारा पाच-सहा अंशांवर येतो, कधी आणखी खाली, आणि मग लोक लालबुंद निखाऱ्यांची अंगीठी खोलीत आणून दाराच्या फटीत गोधडी कोंबतात. निखाऱ्याला धूर नसतो, वास नसतो. पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत असतो, आणि आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते. झोप आल्यामुळे माणूस उठून दार उघडत नाही. दर हिवाळ्यात उत्तर भारतातल्या वर्तमानपत्रांत याच बातम्या असतात.

आमचे काका एका पहाटे असेच सापडले. अंगीठी विझत आलेली, खोली उबदार, आणि काका हाकेला 'हूं' एवढंच म्हणत होते. काकूने आधी दार उघडलं, मग खिडकी, मग त्यांना ओढत ओसरीवर आणलं. ओसरीवर कडाक्याची थंडी होती. दवाखान्यात प्राणवायू दिल्यावर दुपारी त्यांनी चहा मागितला. अंगीठी त्या दिवसापासून अंगणात.

ऊब हवी तर दाराबाहेर शेगडीवर पाणी तापवा आणि रबरी पिशवीत भरून पांघरुणात घ्या. वीज असेल तर तेलाचा हीटर. आणि घरात काहीही जळत असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. तो आता ऑनलाइन सहज मिळतो.

बंबाचं काय करावं? आमच्याकडे आजेसासूबाईंचा तांब्याचा बंब आहे.

विकू नका, पण तसाच वापरूही नका. बंब मुळात मल्टिफ्युएलच: मधल्या नळीत चिपाडं, करवंट्या, कंडे, काय वाटेल ते टाका. त्याची अडचण अशी की नळीच्या चारही बाजूंना गार पाणी असतं. ज्वाळा गार तांब्याला टेकते आणि पुरती जळण्याआधीच विझते. म्हणून बंब पहिली दहा मिनिटं एवढा धुमसतो आणि नळीत काजळीची पुटं चढतात.

यावर मी केलेला उपाय साधा आहे. जळण बंबाच्या नळीत न घालता बंबाखाली रॉकेट शेगडी ठेवली. ज्वाळा शेगडीतच पुरी होते आणि नळीतून नुसती गरम हवा वर जाते. बंबाची खालची जाळी काढावी लागली आणि लोहाराकडून एक तिवई करून घ्यावी लागली, उंची जुळवायला. लाकूड निम्म्यावर आलं. नळी मात्र दर पंधरा दिवसांनी काथ्याने साफ करते.

चिमणी लावू का?

स्वयंपाकघरात पक्की चूल असेल तर लावाच. धुराडं शक्य तितकं सरळ न्यायचं, काटकोनात वळवायचं नाही, छताच्या वर निदान दोन फूट काढायचं आणि टोकाला पावसाची टोपी बसवायची. सरकारने 1983 ते 2002 या काळात सुधारित चुलींचा मोठा कार्यक्रम राबवला. पुष्कळ चुलींची धुराडी साफ न केल्यामुळे बुजली आणि लोक परत उघड्या चुलीकडे गेले. हिवाळ्यात दोनदा साफ करणार नसाल तर चिमणीचा खर्च करू नका, शेगडी अंगणात न्या.

चिमणी धूर घरातून काढते, गल्लीत सोडते. ग्वाल्हेरच्या थंडीत गार हवेचा थर जमिनीवर बसून राहतो, धूर वर जातच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 च्या यादीत सूक्ष्म कणांच्या बाबतीत आपलं शहर जगात दुसरं होतं, वर्षाची सरासरी घनमीटरमागे 176 मायक्रोग्रॅम. भारतीय मर्यादा 40 ची आहे. आकडा फक्त चुलींचा नव्हे, धूळ, वाहनं, कचरा सगळं आलं त्यात. तरी संध्याकाळी सात वाजता आमच्या गोठीत, म्हणजे मोहल्ल्यात, उभं राहून बघा.

यूट्यूबवर काचेच्या दाराची लोखंडी मल्टिफ्युएल शेगडी दिसते. तशी मागवू का?

ती इंग्लंडातली, घर तापवायची. सहा महिने थंडी असते तिथे ठीक आहे. आपली थंडी जेमतेम दोन महिने, त्यात दुपारी ऊन. एवढं ओतीव लोखंड, भिंतीतून धुराडं, आणि तिच्यावर गाकरही भाजता येत नाहीत.

पण त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. 1952 च्या लंडनच्या धुक्यानंतर त्यांनी 1956 मधे कायदा केला, आणि अलीकडे जळणावरच बोट ठेवलं. इंग्लंडमधे मे 2021 पासून ओल्या लाकडाच्या किरकोळ विक्रीवर बंदी आली, लाकूड 20 टक्के ओलाव्याच्या आतच हवं. मे 2023 पर्यंत घरात जाळायच्या, धूर करणाऱ्या नेहमीच्या दगडी कोळशाची विक्री बंद झाली. कायदा शेगडीपाशी न थांबता वखारीपर्यंत गेला.

आम्ही फ्लॅटमधे राहतो. बाल्कनीत ठेवली तर?

नको. वरच्या मजल्यावर लोक राहतात. इंडक्शन घ्या.

गॅस महाग पडतो. सगळा स्वयंपाक शेगडीवर केला तर परवडेल?

हिशेब करून बघू. 14.2 किलोच्या सिलिंडरमधे साधारण 650 मेगाज्यूल उष्णता असते. गॅसच्या शेगडीची कार्यक्षमता मानकाप्रमाणे किमान 68 टक्के, म्हणजे भांड्यात पोचतात सुमारे 440. पेलेटच्या एका किलोत साधारण 16 मेगाज्यूल, पंख्याच्या शेगडीत त्यातले 35 टक्के धरले तर 5.6 भांड्यात. म्हणजे एक सिलिंडर बरोबर जवळजवळ 80 किलो पेलेट. बिनपंख्याच्या शेगडीत लाकूड जाळलं तर 110 किलो.

आता तुमच्या टालावरचा किंवा पेलेटवाल्याचा भाव लावा, त्यात रिक्षाभाडं, फोडणावळ आणि पहाटे पेटवत बसणाऱ्या बाईचा वेळ मिळवा. हे शेवटचं कुणी मिळवत नाही. माझ्या घरी उत्तर असं निघालं: रोजचा स्वयंपाक गॅसवर, पाणी आणि भाजणं शेगडीवर.

आणखी एक वाट आहे. पुण्याच्या आरती या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने, उसाच्या पाचटापासून कांडीकोळसा केला आणि त्यावर चालणारा वाफेचा कुकर आणला. शंभर-दीडशे ग्रॅम कोळशावर चौघांचा भात-वरण-भाजी. पाचटाच्या कोळशासाठी संस्थेला 2002 साली ॲशडेन पुरस्कारही मिळाला. माझी भाची पुण्याहून एक घेऊन आली. धूर नाही, भांडी काळी होत नाहीत, फक्त घाई करून चालत नाही. आणि कोळसा आहे, तेव्हा वरचा बंद खोलीचा नियम इथेही लागू.

शेगडी खरंच चांगली चालते का, हे घरी कसं तपासू?

स्वयंपाकघरातला काटा घ्या. पातेल्यात 5 लिटर पाणी, झाकण घालून. पाणी 20 अंशांचं असेल तर उकळी यायला त्याला साधारण 1.65 मेगाज्यूल लागतात. सुकी लाकडं आधी तोला, उकळी येताच विझवून उरलेली परत तोला. 400 ग्रॅम जळली तर आत गेले 6.4 मेगाज्यूल, कार्यक्षमता 26 टक्के. 700 ग्रॅम जळली तर 15 टक्के, म्हणजे साध्या चुलीच्या आसपास. उरलेला कोळसा वेगळा तोला, त्यात लाकडाच्या जवळपास पावणेदोन पट उष्णता असते आणि ती जमेस धरायला हवी.

धुरासाठी उपकरण लागत नाही. पातेल्याच्या बुडाला बोट लावा. राखाडी धूळ आली तर उत्तम. काळं, चिकट, डांबरासारखं आलं तर जळण ओलं आहे किंवा वरची हवा बुजली आहे. सकाळी खिडकीतून ऊन तिरपं येतं तेव्हा शेगडीवर बघा. जो धूर दिवसभर दिसला नाही तो त्या उन्हाच्या पट्ट्यात निळा दिसतो. आमच्या सासऱ्यांची ही परीक्षा, ते शेगडी सोडून उदबत्त्यासुद्धा अशाच नापास करायचे.

काय कधीच टाकू नये?

प्लास्टिक, दुधाच्या पिशव्या, थर्माकोल, रंगवलेलं किंवा प्लायवूडचं लाकूड, टायरचे तुकडे. पेटवायला रॉकेल नको. सुक्या काटक्या, नारळाची शेंडी किंवा कापराची एक वडी पुरे. फर्निचरवाल्याकडून फुकट आलेल्या ढलप्यांमधे सनमायका चिकटलेला असतो, तो पोत्यातच ओळखून बाजूला काढा.

राखेचं काय करायचं?

लाकडाची राख भांडी घासायला, कुंड्यांत चिमूटभर, कडधान्यात किडीसाठी. गोवरीच्या राखेत वाळू जास्त, तिने स्टीलवर चरे पडतात. रात्रीची राख लगेच टोपलीत टाकू नका. आत निखारा झाकलेला असतो आणि तो सकाळपर्यंत जिवंत राहतो. आमच्याकडे झाकणाचा पत्र्याचा डबा आहे, फरशीवर, लाकडी कपाटापासून लांब. सकाळी उघडला की कधीकधी अजून कोमट असतो, आणि मांजर झाकणावर बसलेली असते.